'ढ' कोणाला म्हणावे?

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला 'ढ' म्हणण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. ब्राह्मी लिपीपासून इतर अक्षरांची रूपे पालटत गेली, 'ढ' मात्र होता तसाच राहिला. म्हणून पुढे न सरकणारा तो 'ढ', असे याचे कारण सांगतात. आज आपण अशा मुलांचा विचार करू, की जी मंद नसतात, पण वाचता येत नाही एवढ्यासाठी हे अक्षर ज्यांच्या कपाळी बसते.

नाशिकचा गंगापूर रोड आपल्यापैकी पुष्कळांच्या पायाखालचा आहे. अशोक स्तंभापासून निघावे, आनंदवल्ली आणि सोमेश्वर मागे टाकावे, की गंगापूर गाव येते. पुढे धरणाची बाजू आणि गिरणारे. शहराच्या टोकाला शाळा-कॉलेजांची दाटी, तर पुढे द्राक्षबागा आणि वाडीवस्तीच्या शाळा. या दोन्ही टोकांना असे मूल असू शकते. टोमॅटोच्या जाळ्यांचा हिशेब ते तोंडी करील, ऐकलेली गोष्ट रंगवून सांगेल. पण पुस्तक हाती दिले की गप्प. 'घर'चे 'धर' वाचील, ओळ सोडील, फळ्यावरचे उतरविताना अर्धे गाळील. घरचे म्हणतात, लक्ष नाही. शाळा म्हणते, आळशी आहे. मूलही हळूहळू तसेच मानू लागते, आणि एक दिवस शाळेत यायचे थांबते.

या अडचणीला 'डिस्लेक्सिया' म्हणतात. १८९६ साली इंग्लंडमधील प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख, नजर चांगली, पण वाचन जमेना. सगळे शिकविणे तोंडी असते, तर हाच शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत होते. अक्षराचे चिन्ह आणि त्याचा आवाज यांची सांगड घालण्याचे मेंदूचे काम अशा मुलांत निराळ्या रीतीने चालते, हे आता कळले आहे. ही अडचण पुष्कळदा घराण्यात चालत येते. यात आईबापांचा दोष नाही आणि मुलाचाही नाही.

आपल्या लिपीच्याही काही खोचा आहेत. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'प' आणि 'ष' दिसायला जवळजवळचे. 'दिवा' म्हणताना 'द' आधी आणि 'इ' मागाहून. पण लिहिताना वेलांटी 'द'च्या आधी उभी! 'पर्वत' मध्ये 'र' उच्चारायचा 'व'च्या आधी, आणि लिहायचा 'व'च्या डोक्यावर. इतर मुले हे हळूहळू पचवितात. या मुलांची गाडी तेथेच अडते.

मग शाळेने ओळखावे कसे? पानावर डाग दिसला म्हणजे भुरीच, असे जाणता बागाईतदार म्हणत नाही. तसेच येथेही. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. शाळेत येणारे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक यात मदत करते. मूल शाळेत नियमित येत होते ना, हे पाहावे. घरची बोली कोकणा किंवा अहिराणी असेल, तर पुस्तकी मराठी अडणे हा डिस्लेक्सिया नव्हे.

त्यानंतर काही आठवडे निरीक्षण करून नोंद ठेवावी. 'कमळ' मधला 'क' काढला तर काय उरते, असे विचारावे. 'टमीपा' असा अर्थ नसलेला शब्द वाचायला द्यावा. अंदाजाने किंवा पाठांतराने वाचणारे मूल येथे थांबते. अर्थात एकदा अडखळले म्हणजे ठरले, असे नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये 'डाली' नावाची चाचणी-मालिका काढली. तिच्यात शिक्षकांनी भरावयाच्या दोन तपासणी-याद्या आहेत, एक पहिली-दुसरीसाठी आणि एक तिसरी ते पाचवीसाठी. त्या मराठीतही आहेत.

यादी म्हणजे निदान नव्हे. ते तज्ज्ञांचे काम. ते बुद्धीची आणि वाचन-लेखनाची वेगळी परीक्षा घेतात. महाराष्ट्रात १९९६ पासून अशा मुलांना परीक्षेत सवलती देण्यास सुरुवात झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला दिव्यांगत्वात जागा दिली, आणि ती लवकरात लवकर ओळखून योग्य शिक्षण देण्याची जबाबदारी शाळांवर टाकली. प्रमाणपत्र मिळाले म्हणजे जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मागता येतात.

परंतु प्रमाणपत्राची वाट पाहत हात बांधून बसू नये. आपल्या आजोबांची धूळपाटी आठवा. बोटाने अक्षर गिरवायचे, तोंडाने म्हणायचे, डोळ्यांनी पाहायचे: तिन्ही वाटांनी एकच अक्षर आत जाते. एका वेळी एक-दोनच अक्षरे घ्यावीत, रोज वीस मिनिटे, आणि कालचे पक्के झाल्यावरच पुढे जावे. सारखी दिसणारी अक्षरे एकाच दिवशी शिकवू नयेत. वर्गासमोर एकदम उभे करून वाचायला लावू नये. विज्ञानाचे, भूगोलाचे उत्तर तोंडी घ्यावे, म्हणजे त्याला काय येते हे त्यालाही कळते. ही अडचण औषधाने जात नाही. नेटाने शिकविले तर वाचन मात्र सुधारते, आणि जितके लवकर सुरू करावे तितके बरे.

शहरात तज्ज्ञ गाठणे त्या मानाने सोपे. वस्तीवरच्या शाळेत गुरुजी आणि बाई यांचीच नजर पहिली. तेव्हा शिक्षकबंधु-भगिनींनो, उद्या वर्गात गेलात की मागच्या बाकावरच्या त्या गप्प मुलाशी दोन शब्द बोला, त्याला एखादी गोष्ट सांगायला लावा. आणि आईबापांनो, निकालपत्रक पाहून हात उगारण्याआधी शाळेत जाऊन विचारा, की आमच्या पोराचे नेमके अडते कोठे?