कानांनी खेळायचं तर

जामबागमधली विवेकवर्धिनी ही हैदराबादच्या मराठी माणसांची शंभरी ओलांडलेली शिक्षणसंस्था. अशा कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर मोबाइलवर लुडो किंवा क्रिकेट रंगतं, तेव्हा अंध विद्यार्थ्याच्या वाट्याला बहुधा नुसतं ऐकणं येतं. त्याच्या फोनमधलं टॉकबॅक व्हॉट्सॲपचे निरोप वाचून दाखवतं, बातम्या वाचतं. गेम उघडला की मात्र ते मुकं होतं.

साध्या ॲपमधल्या प्रत्येक बटणाला नाव दिलेलं असतं आणि टॉकबॅकसारखा स्क्रीन रीडर ते वाचतो. गेमचं इंजिन सगळं दृश्य स्वतः रंगवतं आणि फोनच्या हाती तयार चित्र ठेवतं. फासा, सोंगटी, ‘सुरू करा’चं बटण, सगळं मिळून टॉकबॅकच्या लेखी एक रिकामा चौकोन! युनिटी या लोकप्रिय इंजिनाने २०२३ मध्ये मोबाइलवरच्या स्क्रीन रीडरसाठी सोय दिली, पण त्या चौकोनात नावं भरायची ती गेम करणाऱ्यानेच.

आपल्याच माणसाने गेमला बोलतं करून दाखवलं आहे. तेराव्या वर्षी दृष्टी गेलेले चारुदत्त जाधव बुद्धिबळपटू आणि संगणकतज्ज्ञ. त्यांनी टॉक६४ हे बोलणारं बुद्धिबळ घडवलं. बुद्धिबळाला मुळात अंधांसाठीच्या सोयींची परंपरा आहे. अंधांच्या पटावर काळी घरं किंचित उंच असतात, मोहरे भोकांत रोवलेले असतात, काळ्या मोहऱ्यांवर बोटांना कळेल अशी खूण असते. खेळी मोठ्याने सांगायची असते. बी आणि डी कानाला सारखेच वाटतात, म्हणून जागतिक बुद्धिबळ संघटना फिडेच्या नियमांत उभ्या पट्ट्यांना ॲना, बेला, सीझर अशी नावं आहेत.

बुद्धिबळात विचाराला वेळ असतो. मोटारशर्यतीत तो नसतो, आणि खरं आव्हान तिथेच आहे. आवाज एका कानाला दुसऱ्याच्या आधी पोचतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी, तरी मेंदू त्यावरून डावं-उजवं ओळखतो. समोरचं की मागचं, हे कानाच्या पाळीच्या घड्यांमुळे आवाजात होणाऱ्या बदलावरून कळतं. हेच गणित करून हेडफोनमध्ये आवाज चहूबाजूंनी फिरवता येतो. २०२३ च्या ‘फोर्झा मोटरस्पोर्ट’मध्ये वळण कुठल्या बाजूला, वेग कधी कमी करायचा, रस्त्याची कड किती जवळ, हे आवाजच सांगतात. गाडी आपोआप वळवून देणारी सोय करणं त्याहून सोपं होतं, पण मग खेळणाऱ्याने काय करायचं? कोलंबिया विद्यापीठातल्या ब्रायन स्मिथ यांनी २०१८ मध्ये शर्यतींसाठी अशीच ध्वनिव्यवस्था मांडली होती. तिचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो: माहिती पूर्ण द्या, निर्णय खेळाडूचाच राहू द्या.

दृष्टिदोष म्हणजे पूर्ण अंधार, असंही नसतं. बहुतेकांना थोडं दिसतं. २०२० च्या ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ या गेममध्ये साठाहून अधिक सोयी होत्या, त्यातली एक पार्श्वभूमी फिकी करून माणसं ठळक रंगांत दाखवायची.

गेम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीने २०२१ मध्ये अशा सोयींची पाच पेटंटं सर्वांना खुली केली. रंग आणि उठाव जुळवून घेणारं तंत्रही त्यांत आहे. याच कंपनीचा स्टुडिओ हैदराबादेत आहे आणि बंजारा हिल्सच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत दृष्टिहीनांचं पुनर्वसन केंद्रही. मराठी वाचणारे आवाज फोनमध्ये आलेले आहेत. आता इथल्या गेम करणाऱ्यांनी पहिला कच्चा आराखडा घेऊनच अंध खेळाडूंकडे जावं, गेम विकायला काढल्यावर नव्हे.