पडली, पण टेबलावरच!

कॅरम खेळताना तुमचं असं कधी झालंय का? राणी घ्यायची वेळ आलेली. श्वास रोखून तुम्ही नेम धरता, स्ट्रायकर सुटतो, राणीला लागतोसुद्धा! राणी घसरत घसरत जाते आणि पॉकेटच्या अगदी काठावर येऊन थांबते. ‘‘लागली होती रे!’’ म्हणून तुम्ही कितीही ओरडा, ऐकतंय कोण? आत गेली तरच ती तुमची.

दोस्तांनो, अमेरिकेत एक खेळ आहे. त्यातही नेमकी हीच गंमत असते आणि हीच हळहळ. तिथे सोंगट्यांच्या जागी असतात बॉलिंगच्या पिना, बोर्डाच्या जागी लांबरुंद टेबल आणि स्ट्रायकरच्या जागी चक्क पिस्तूल! या खेळाचं नाव ‘बोलिंग पिन शूटिंग’. तिथल्या नेमबाजी क्लबांचे हौशी सभासद सुटीच्या दिवशी जमतात आणि याच्या स्पर्धा लावतात.

पाच पिना, एक घड्याळ

बॉलिंगची पिन तुम्ही पाहिली असेल. मोठ्या शहरांतल्या मॉलमध्ये गुळगुळीत लाकडी पट्टीवरून जड चेंडू सोडतात आणि पलीकडच्या दहा पिना धडाधड पडतात ना, त्यातलीच ही. बाटलीच्या आकाराची, पांढरीशुभ्र, उंची साधारण १५ इंच. आत मेपलचं टणक लाकूड आणि वरून प्लास्टिकचं कवच. वजन सुमारे दीड किलो. चेंडूंचे तडाखे खाऊन जुन्या झालेल्या पिना बॉलिंगवाले काढून टाकतात. नेमबाजी क्लबांना त्या आयत्याच मिळतात. म्हणजे बघा, एका खेळातून निवृत्त झालेली पिन दुसऱ्या खेळात पुन्हा उभी राहते!

एका टेबलावर अशा पाच पिना ओळीने मांडतात. नेमबाज उभा राहतो त्यांच्यापासून सुमारे २५ फुटांवर, म्हणजे साडेसात मीटरच्या आसपास. हातातलं पिस्तूल खाली झुकवलेलं. इशारा होतो, घड्याळ सुरू होतं आणि पहिली गोळी सुटते.

आता नियम ऐका. पिन पडून चालत नाही. ती टेबलावरून खाली जमिनीवर गेली पाहिजे. पाचवी पिन खाली गेली की घड्याळ थांबतं. ज्याचा वेळ कमी, तो जिंकला. काही क्लबांत दोन नेमबाज शेजारी शेजारी, आपापल्या टेबलासमोर उभे राहतात. आधी टेबल रिकामं करील तो पुढच्या फेरीत. पंचांनी गुण मोजायला नकोत की भिंग लावून कागदावरची भोकं बघायला नकोत. सगळा निकाल डोळ्यांसमोर!

कसलेला नेमबाज पाचही पिना तीन-चार सेकंदांत खाली पाडतो. तीन-चार सेकंद म्हणजे किती? तुमचं पूर्ण नाव, शाळेचं नाव आणि इयत्ता सांगून होईपर्यंत खेळ खलास!

खरी गोम कुठे आहे?

तुम्ही म्हणाल, ‘‘एवढ्या जवळून एवढी मोठी पिन! यात काय अवघड?’’

अवघड आहे, आणि का ते सांगतो. समजा, दोन नेमबाज आहेत. पहिला मोठा चपळ. धाड, धाड, धाड! तीन सेकंदांत त्याने पाच गोळ्या झाडल्या आणि पाचही पिनांना लागल्या. पण दोन गोळ्या लागल्या पिनांच्या मानेला. त्या दोन पिना गिरकी घेऊन आडव्या झाल्या आणि तशाच टेबलावर लोळत पडल्या. म्हणजे पडल्या, पण टेबलावरच!

आता आली का पंचाईत? उभी पिन १५ इंच उंच दिसत होती. आडवी पडलेली पिन जर बूड आपल्याकडे करून लोळत असेल, तर समोर दिसतं फक्त एक छोटं वर्तुळ. त्यातून ती हलत असेल तर विचारूच नका. एक गोळी टेबलात घुसते, दुसरी वरून जाते. रिव्हॉल्व्हर असेल तर त्यात बहुधा सहाच गोळ्या मावतात. पिना पाच, गोळ्या सहा, म्हणजे एकच चूक माफ! दुसरी चूक झाली की रिव्हॉल्व्हर पुन्हा भरण्यात मौल्यवान सेकंद गेलेच.

दुसरा नेमबाज तसा सावकाश. प्रत्येक पिनेला तो एक पूर्ण सेकंद देतो. पिनेच्या फुगीर पोटावर नेम स्थिर झाला की मगच चाप ओढतो. पाच सेकंद, पाच गोळ्या, टेबल रिकामं. पहिला अजून लोळणाऱ्या पिनांशी झुंजतोच आहे.

नुसती चपळाई इथे हरते आणि नुसता नेमही हरतो. चुकणार नाही इतकंच घाईत राहायचं, एवढं ज्याला कळलं तो जिंकतो.

थोडं विज्ञान

मानेला लागलेली पिन टेबलावरच का राहते? उत्तर तुमच्या शास्त्राच्या पुस्तकात आहे. पिनेचा गुरुत्वमध्य बुडापासून साधारण पावणेसहा इंचांवर, म्हणजे फुगीर पोटाच्या जरा वर असतो. गोळी त्याच्या जवळपास लागली, तर सगळा धक्का पिनेला मागे ढकलण्यात खर्च होतो. वर मानेला किंवा बाजूला लागली, तर पिन गरगर फिरू लागते आणि आडवी होते. कॅरमची सोंगटी मधोमध लागली की सरळ जाते, कडेला लागली की तिरकी जाते. अगदी तसंच.

आता एक गणित करू या. गती असलेली वस्तू दुसऱ्या वस्तूला किती ढकलेल, हे तिच्या संवेगावर ठरतं. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. या खेळात पूर्वीपासून आवडती असलेली पॉइंट ४५ ची गोळी घ्या. तिचं वस्तुमान अंदाजे १५ ग्रॅम आणि वेग सेकंदाला सुमारे २५० मीटर. ०.०१५ गुणिले २५० बरोबर ३.७५. आता क्रिकेटचा चेंडू घ्या. तो असतो सुमारे १६० ग्रॅमचा. फिरकी गोलंदाजाने तो ताशी ८५ किलोमीटर वेगाने टाकला, तर त्याचाही संवेग जवळपास तेवढाच येतो!

चकित झालात ना? सिनेमात गोळी लागलेला माणूस दहा फूट मागे उडतो, ते निव्वळ खोटं. गोळीचा धक्का फिरकीच्या चेंडूएवढाच. मग गोळी इतकी घातक का? कारण त्या चेंडूपेक्षा तिची ऊर्जा सुमारे दहा पट असते आणि ती सगळी बोटाच्या टोकाएवढ्या जागेत एकवटते. म्हणून चेंडू ढकलतो आणि गोळी भेदते.

दीड किलोच्या पिनेत ही गोळी रुतून बसली, तर पिनेला सेकंदाला फार तर अडीच मीटर वेग मिळतो. मग टेबलावरून दोन-तीन फूट सरकत जाताना घर्षण आडवं येतं. नेम जरा ढळला, तर टेबलाच्या कडेपर्यंत पोचणं कठीणच. लहान गोळीचं पिस्तूल असेल तर धक्का आणखी कमी. म्हणून तशा गटासाठी पिना टेबलाच्या मागच्या कडेजवळ मांडतात. आणि अगदी छोट्या पॉइंट २२ च्या पिस्तुलांसाठी अनेक क्लब पिनेचा फक्त वरचा तुकडा कापून ठेवतात. हलका गडी, हलकं ओझं!

एका पिझ्झावाल्याची गोष्ट

हा खेळ सुरू कसा झाला, ती हकिगतही ऐकण्यासारखी आहे. १९६९ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात रिचर्ड डेव्हिस नावाचा तरुण पिझ्झाचं दुकान चालवत होता. पिझ्झा पोचवायला गेला असताना त्याला लुटारूंनी गाठलं. गोळीबार झाला आणि तो जखमी झाला. त्यातून तो वाचला, पण एक विचार त्याच्या डोक्यात पक्का बसला. शर्टाच्या आत घालता येईल असं हलकं चिलखत का असू नये?

त्याने कापडाचे अनेक थर एकावर एक घालून तसं चिलखत बनवलं. त्याच्या कंपनीचं नाव होतं ‘सेकंड चान्स’, म्हणजे ‘दुसरी संधी’! पोलिसांचा विश्वास बसावा म्हणून चिलखत घालून त्याने स्वतःवरच गोळी झाडून दाखवली, तीही अनेकदा. हा जिवावरचा धोका होता आणि कुणीही गिरवू नये असाच प्रयोग होता. पण अशा चिलखतांनी पुढे असंख्य पोलिसांचे प्राण वाचवले, हेही खरं.

१९७० च्या दशकाच्या मध्यात याच डेव्हिसने मिशिगन राज्यातल्या सेंट्रल लेक या छोट्याशा गावी पिनांची स्पर्धा सुरू केली. नुसत्या कागदावर नेम धरण्यापेक्षा पोलिसांना घाईगडबडीतही अचूक राहण्याचा सराव व्हावा, हा विचार त्यामागे होता. हळूहळू हौशी नेमबाजही येऊ लागले आणि या स्पर्धेची जणू जत्राच भरू लागली. १९९८ मध्ये ती बंद पडली. पण तोवर गावोगावच्या क्लबांनी हा खेळ उचलला होता. पुढे २०१७ साली सेंट्रल लेकलाही पिना पुन्हा उभ्या राहिल्या.

गुणांच्या आधी शिस्त

आता सगळ्यांत महत्त्वाचं. खेळ कितीही मजेचा असला तरी हातात असते ती खरी बंदूक. ती खेळणं नाही. म्हणून क्लबात शिरल्यावर आधी नेम शिकवत नाहीत, नियम शिकवतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजून वागा. जिच्यावर गोळी झाडायची नाही, अशा दिशेला नळी कधीच वळवू नका. नेम धरेपर्यंत बोट चापावर ठेवू नका. आणि लक्ष्याच्या मागे काय आहे, हे आधी बघा.

डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर संरक्षक हवेतच. बघणाऱ्यांनासुद्धा! कारण गोळ्या खाऊन खाऊन पिनेत शिसं साठतं, ती जड होते आणि एखादी गोळी तिच्यावर आपटून उलटी येऊ शकते. अशी पिन वेळीच बाद करावी लागते. नियम मोडणारा कितीही तरबेज असो, त्याला स्पर्धेतून सरळ घरी पाठवतात. तिथे वशिला चालत नाही.

आपल्याकडेही नेमबाजीचे क्लब आहेत. तिथे मुलं प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली एअर रायफलने दहा मीटरवरच्या लक्ष्यावर शांतपणे नेम धरतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक मिळवलं. त्याचा खेळ आणि पिनांचा खेळ यांत जमीन-अस्मानाचा फरक. पण धडा एकच. आधी मन स्थिर, मग बोट.

बंदुकीशिवाय करून बघा

या खेळाची गंमत तुम्हांला अंगणातच अनुभवता येईल. प्लास्टिकच्या पाच रिकाम्या बाटल्या घ्या (काचेच्या मुळीच नकोत!). प्रत्येकीत चार बोटं वाळू भरा आणि झाकण घट्ट लावा. जुन्या टेबलाच्या किंवा बाकाच्या मधोमध त्या ओळीने मांडा. दहा पावलांवर उभे राहा, सहा टेनिस बॉल घ्या आणि मित्राच्या हाती घड्याळ द्या. बाटली खाली जमिनीवर पडली तरच मोजायची!

पहिल्यांदा होईल तेवढी घाई करून बघा. मग प्रत्येक चेंडूआधी एक श्वास घेऊन बघा. बाटलीच्या मानेला मारून बघा आणि मग पोटाला. दोन्ही वेळा वहीत लिहून ठेवा.

आणि एखादी बाटली आडवी होऊन टेबलावरच लोळत राहिली, तर ‘‘लागली होती रे!’’ म्हणून ओरडू नका हं. दुसरा चेंडू उचला आणि या वेळी जरा दमानं घ्या!