हातातील लिनक्स-यंत्रासाठी टेक्स्ट एडिटरची निवड

तळहातावर मावणाऱ्या लिनक्स-यंत्रावर पाठाचे टिपण लिहावयाचे असो वा यंत्राची एखादी मांडणी बदलावयाची असो, साधा मजकूर लिहिण्याचे व दुरुस्त करण्याचे साधन लागते. त्यास टेक्स्ट एडिटर म्हणतात. अशी साधने पुष्कळ आहेत. त्यांच्या गुणांची यादी पाहण्यापूर्वी आपल्या यंत्रावर कोणत्या कळा आहेत, हे शिक्षकांनी प्रथम पाहावे.

व्ही-आय हा जुना एडिटर बिल जॉय यांनी 1976 च्या सुमारास अमेरिकेत रचला. त्यांच्यापुढील टर्मिनलवर आज टॅब असते त्या जागी एस्केपची कळ होती. लेखन थांबवून आज्ञा देण्यासाठी तीच दाबावयाची, आणि ती बोटाशीच होती. 2009 सालच्या नोकिया एन-900 या लिनक्स-यंत्राच्या सरकत्या कळफलकावर मात्र ही कळ नव्हती. प्रत्येक वेळी पडद्यावरील बटणाकडे बोट न्यावे लागे. एडिटर उत्तम, पण हाताला जाच!

ज्या यंत्रावर कंट्रोल कळ सोयीची आहे, तेथे नॅनो निवडावा. त्याच्या आज्ञा पडद्याच्या तळाशी दोन ओळींत सतत दिसतात. चिमुकल्या पडद्यावर त्या दोन ओळीही जड वाटतात, तेव्हा त्या लपविताही येतात.

मराठी लेखनाचा प्रश्न निराळा आहे. टर्मिनल प्रत्येक अक्षरास ठरावीक रुंदीची चौकट देते. तींत जोडाक्षरे व वेलांट्या नीट बसतीलच असे नाही. ‘विद्यार्थी’ हा शब्द तुटका दिसला, तरी फाइलीतील मजकूर बहुधा शाबूत असतो. तो सुधारण्याच्या भरात अक्षरे खोडली, तर मात्र खरोखरच बिघडतो. म्हणून मराठीसाठी टर्मिनलबाहेर, स्वतंत्र खिडकीत चालणारा माउसपॅड अथवा लीफपॅड घ्यावा व फाइल यूटीएफ-8 या संकेतात साठवावी.

बॅटरी अकस्मात संपण्याचे भय असल्यास व्हिम विचारात घ्यावा. व्ही-आयचा हा विस्तार चालू लेखनाची प्रत वेगळ्या फाइलीत अधूनमधून ठेवीत जातो, व पुन्हा उघडताना ती परत मिळविता येते. लहान यंत्रांवर आढळणाऱ्या बिझीबॉक्समधील व्ही-आयमध्ये ही सोय नाही. नॅनो वापरणाऱ्याने दर परिच्छेदानंतर कंट्रोल व ओ दाबून, मग एंटर दाबावी.