ग्रुपमध्ये राहून आपल्याला नेमके मिळते काय?

आपल्या समाजातल्या बहुतेक तरुणांच्या मोबाइलमध्ये चळवळीचे चार-पाच ग्रुप असतातच. गावच्या विहाराचा, जयंती उत्सव समितीचा, स्पर्धा परीक्षेचा, धम्म अभ्यासाचा, शिष्यवृत्तीच्या माहितीचा. सकाळी उठून पाहावे तर शे-दोनशे मेसेज साचलेले. त्यात ‘जय भीम, सुप्रभात’चे फोटो, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि कुठून तरी आलेले फॉरवर्ड यांचाच भरणा. मग कुणी ग्रुप म्यूट करतो, कुणी सोडून जातो. ‘मोबाइलवर चळवळ होत नसते’ असे ज्येष्ठ कार्यकर्तेही सुनावतात.

त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पण ज्या ग्रुपमध्ये खरोखर चर्चा होते, एक जण प्रश्न विचारतो आणि दुसरा विचार करून उत्तर देतो, तिथे माणसाला काही ठोस मिळते. ते काय, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे. कारण ते आपल्या वस्तीत, नात्यागोत्यात किंवा कॉलेजच्या वर्गात सहज मिळणारे नाही.

दूरच्या ओळखीची ताकद

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एक निबंध लिहिला. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तो आजही शिकवला जातो. बोस्टनजवळच्या एका गावात नोकरी बदललेल्या लोकांना त्यांनी विचारले, की ज्या ओळखीतून नोकरीची बातमी कळली, त्या माणसाला तुम्ही किती वेळा भेटत होता? वारंवार भेटणाऱ्यांकडून बातमी मिळालेले जेमतेम १७ टक्के निघाले. अधूनमधून भेटणाऱ्यांकडून कळलेले सुमारे ५६ टक्के, तर वर्षातून एखाद्या वेळी किंवा त्याहून कमी भेटणाऱ्यांकडून कळलेले सुमारे २८ टक्के होते.

याचे कारण सोपे आहे. जवळची माणसे जीव लावतात, अडीअडचणीला धावून येतात, पण त्यांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी माहिती दुसऱ्या वर्तुळातून येते आणि ती दूरच्या ओळखीवाटे येते. ज्या समाजघटकांत पिढ्यानपिढ्या वकील, प्राध्यापक, अधिकारी झाले, त्यांच्याकडे अशा ओळखी घरातच असतात. मामा मंत्रालयात असतो, आत्या विद्यापीठात असते. आपल्याकडे अनेक घरांत पदवीपर्यंत पोहोचणारी ही पहिलीच किंवा दुसरी पिढी आहे. त्यामुळे ती ओळख आपल्याला बाहेर शोधावी लागते, आणि चर्चेचा ग्रुप ती मिळवून देतो.

जात वैधता प्रमाणपत्राचेच उदाहरण घ्या. समजा, एखाद्या मुलीला बारावीनंतर अभियांत्रिकीला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा आहे. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ एवढीच नोंद आहे. पडताळणी समितीला अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा आणि मूळ जातीचा पुरावा हवा असतो. धर्मांतर १९५६ चे, म्हणजे पुरावा शोधायचा तो आजोबा-पणजोबांचा. आणि आजोबा शाळेतच गेलेले नाहीत. इथे घरातले सगळे हात टेकतात. वस्तीतल्या कुणाला ठाऊक नसते. एजंट मात्र पैसे घेऊन फिरवत राहतो.

अशा वेळी दुसऱ्या जिल्ह्यातला, कधी न भेटलेला एखादा निवृत्त कारकून ग्रुपवर लिहितो, ‘ताई, कोतवाल बुक बघा. गाव नमुना १४ म्हणतात त्याला. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात त्यात. तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करा. नोंद मोडीत असेल तर अधिकृत मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्या.’ चार ओळींचे उत्तर. पण त्यावर त्या मुलीचे अख्खे वर्ष वाचू शकते. आणि शंभर जण तो संवाद वाचत असतील, तर त्यातल्या ज्यांच्या घरी दोन वर्षांनी हाच प्रश्न उभा राहणार आहे, त्यांचेही काम झालेले असते.

‘हे माझ्या एकट्याचे नाही’

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात बौद्धांची लोकसंख्या सुमारे ८४ लाख होती. त्यातले सुमारे ६५ लाख, म्हणजे ७७ टक्के, एकट्या महाराष्ट्रात. बेंगळुरू, गुरुग्राम किंवा चेन्नईत नोकरीला गेलेला आपला तरुण ऑफिसमध्ये बहुधा एकटाच बौद्ध असतो. पुण्या-मुंबईतही खासगी कंपनीत आडनाव विचारले गेले की तो क्षणभर थांबतो. आरक्षणावर शेरेबाजी झाली की डबा घेऊन बाजूला जाऊन बसतो. घरी फोनवर आईला हे सांगता येत नाही, कारण तिला काळजी लागेल.

हा एकटेपणा माणसाला आतून पोखरतो. आपल्यातच काही कमी असेल, असे तो धरून चालतो. तो जेव्हा हा अनुभव ग्रुपवर लिहितो आणि नाशिकची, नांदेडची, हैदराबादची माणसे ‘माझ्याबाबतीतही असेच झाले’ म्हणून सांगू लागतात, तेव्हा त्याला आपल्या अनुभवाचे नाव कळते. खासगी दुखणे वाटत होते, तो सामाजिक प्रश्न असल्याचे लक्षात येते. मग पुढचा प्रश्न सुचतो, की याला उत्तर काय द्यायचे, तक्रार कुठे करायची, आपल्या बाजूने कोण उभे राहील?

यातूनच सामूहिक कृती उभी राहू शकते. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची धार बोथट झाली, तेव्हा २ एप्रिलचा भारत बंद मोठ्या प्रमाणावर समाजमाध्यमांतून पसरलेल्या आवाहनातून उभा राहिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संसदेने दुरुस्ती करून कायद्याची ताकद परत आणली. बंदमध्ये माणसे रस्त्यावर उतरली, काहींना जीव गमवावा लागला, हे विसरता येणार नाही. पण निकालात नेमके काय आहे आणि आपण का उठायचे, हे त्याआधीच्या दिवसांत गावोगावचे तरुण एकमेकांना मोबाइलवरूनच समजावून सांगत होते.

गप्प राहणारेही शिकत असतात

प्रत्येक ग्रुपमध्ये दहा-पंधरा जण बोलतात आणि बाकीचे फक्त वाचतात. अ‍ॅडमिन मंडळी अशांवर चिडतात, ‘निष्क्रिय सदस्य काढून टाकू’ म्हणतात. आम्हाला ही घाई चुकीची वाटते.

जीन लेव्ह आणि एतिएन वेंगर यांनी १९९१ च्या त्यांच्या पुस्तकात लायबेरियातल्या शिंप्यांचे उदाहरण दिले आहे. तिथे नवा पोऱ्या आला की त्याच्या हाती लगेच कात्री देत नाहीत. तो आधी तयार कपड्यांना इस्त्री करतो, बटणे लावतो, शिवण दुमडतो. काठावर बसून तो पूर्ण कपडा कसा बनतो ते पाहत असतो. चर्चेचेही तसेच आहे. मुद्दा कसा मांडायचा, विरोधी मताला न चिडता उत्तर कसे द्यायचे, पुरावा कसा मागायचा, हे वाचूनच शिकले जाते.

आपल्या भगिनींच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे. विहारातली बैठक संध्याकाळी सात-आठला असते, म्हणजे नेमकी स्वयंपाकाची वेळ. बैठकीला आल्या तरी मागे बसतात, माइक पुरुषांकडेच राहतो. तीच उपासिका रात्री दहाला भांडी आवरून ग्रुप वाचते. ती सहा महिने काही लिहिणार नाही. सातव्या महिन्यात वर्षावासातल्या ग्रंथवाचनावर ती असा एखादा प्रश्न विचारेल, की ग्रुपमधल्या वक्त्यांना पुन्हा पुस्तक उघडावे लागेल. तोवर तिला राहू द्या.

चर्चा आपल्याला नवी नाही

महापरिनिब्बान सुत्तात भगवान बुद्धांनी वज्जींचा ऱ्हास का होणार नाही याची सात कारणे सांगितली आहेत. त्यातली पहिली दोन सभेविषयी आहेत. ते वारंवार एकत्र जमतात, आणि एकोप्याने जमून एकोप्यानेच उठतात. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघाच्या कामकाजाचा दाखला दिला. बसण्याची व्यवस्था, ठराव मांडणे, गणपूर्ती, मतमोजणी यांचे नियम संघाला ठाऊक होते, हे त्यांनी देशाला सांगितले.

बाबासाहेबांनी स्वतः चर्चेची साधने उभी केली. १९२० मध्ये ‘मूकनायक’, १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’, १९३० मध्ये ‘जनता’, १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालये आणि अभ्यासमंडळेही होती. पोटाला पुरेसे नव्हते, त्या काळात त्यांना अभ्यासमंडळ गरजेचे वाटले. आपला ग्रुप त्याच अभ्यासमंडळाचा वारसा सांगू शकतो. मात्र त्यासाठी त्याला अभ्यासमंडळाची शिस्त लागेल.

शिस्त म्हणजे काय?

ग्रुप फॉरवर्डने मरतो. शंभर फॉरवर्डच्या ढिगात शिष्यवृत्तीच्या शेवटच्या तारखेचा मेसेज हरवला, तर ज्याचा फॉर्म राहिला त्याचे नुकसान खरे असते. म्हणून काही साध्या गोष्टी पाळता येतील.

शुभेच्छांसाठी वेगळा ग्रुप ठेवावा. प्रश्न विचारताना जिल्हा, शिक्षण आणि मुदतीची तारीख लिहावी, म्हणजे उत्तर देणाऱ्याला सोपे जाते. सरकारी योजनेची बातमी टाकताना शासन निर्णयाचा संकेतांक द्यावा, तो शासनाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा अमुक मोठ्या माणसाने सांगितले आहे, एवढ्यावरून मानू नका, हा कालाम सुत्ताचा उपदेश आपण भाषणांत नेहमी सांगतो. तो आधी आपल्या फॉरवर्डला लावावा.

काम झाले की ‘झाले’ म्हणून सांगावे. कोणत्या कागदाने काम झाले, किती दिवस लागले, हे लिहिले तर पुढच्याला वाट सापडते. चांगली उत्तरे कुणीतरी एका वहीत किंवा फाइलमध्ये जमवावीत. अ‍ॅडमिन किमान दोन असावेत आणि त्यात एक महिला असावी. गटातटाचे वाद निघतीलच. मतावर टीका करू द्यावी, माणसाच्या पोटजातीवर, घरावर, बाईमाणसावर घसरला तर त्याला थांबवावे. आधार कार्ड, जातीचा दाखला यांचे फोटो ग्रुपवर टाकू नयेत. अत्याचाराच्या घटनेत संतापाच्या भरात पीडितेचे नाव किंवा फोटो फिरवू नये. लैंगिक अत्याचारात तर तो गुन्हाच आहे.

आणि एक काम मोबाइलबाहेरचे. आपल्या वस्तीत स्मार्टफोन नसलेले किंवा वाचता न येणारे बाबा-आजी आहेत, रिचार्ज संपलेली मुले आहेत. आठवड्यात ग्रुपवर जे कामाचे मिळाले, ते रविवारी वंदनेनंतर पाच मिनिटे वाचून दाखवावे, विहाराच्या फळ्यावर तारखा लिहाव्यात. तसेच वस्तीतला प्रश्न ग्रुपवर मांडावा आणि आलेले उत्तर परत आणून सांगावे. अशी ये-जा सुरू झाली, की मोबाइलवरची चळवळ आणि जमिनीवरची चळवळ हा वाद फारसा उरत नाही.

तेव्हा ग्रुप सोडण्याआधी एकदा स्वतःलाच विचारू या, की गेल्या महिन्यात आपण तिथे किती प्रश्न विचारले आणि किती जणांना उत्तर दिले? उत्तर शून्य असेल तर सुरुवात सोपी आहे. नुकताच एखादा फॉर्म भरून झाला असेल, एखादे प्रमाणपत्र हाती आले असेल, तर ते कसे मिळाले हे आज दहा ओळींत लिहून टाकू या. कुठल्यातरी गावात कुणीतरी नेमके तेच शोधत बसलेले असेल.

जय भीम! नमो बुद्धाय!