पेटीची किल्ली

बंगळूरच्या हेब्बाळमधल्या एका शाळेत मी शिकवायला लागले ते २००३ साली. तिथला उड्डाणपूल नुकताच खुला झाला होता. पहिल्याच आठवड्यात चौथीतला एक मुलगा धापा टाकत वर्गाच्या दारात आला, "मिस्, बिद्दुबिट्ट!" 'पडला', एवढं कन्नड मला तोवर कळू लागलं होतं. मैदानावर पोचले तर त्याचा सोबती नुसता पडला नव्हता. हातपाय ताठ, तोंडाला फेस. शाळेच्या मदतनीस आयम्मांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून त्याच्या मुठीत कोंबला. मिरजेला माझ्या लहानपणीच्या शाळेतही हेच करायचे, वर कांदा हुंगवायचे. राज्य बदललं, भाषा बदलली, लोखंड तेच. आणि त्या जुडग्यात प्रथमोपचार पेटीची किल्ली मात्र नव्हती. ती मुख्याध्यापिकांच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या पर्समध्ये.

दोनेक मिनिटांत झटका आपोआप थांबला, श्रेय लोखंडाला मिळालं. खरं तर करायचं असतं फार थोडं. मुलाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली दप्तर नाहीतर ओढणी सरकवायची, तोंडात चमचा, पाणी, बोट काहीही घालायचं नाही, आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटं उलटली तर थेट दवाखाना. हे मला पुढे कितीतरी वर्षांनी, एका डॉक्टर पालकांकडून कळलं. बीएडच्या अभ्यासात बालमानसशास्त्र भरपूर होतं. घोळणा फुटलेल्या मुलाची मान पुढे झुकवायची की मागे, हे कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही सगळे मागेच झुकवत होतो, रक्त घशात जात होतं. पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटं धरायचा, एवढंच.

दवाखान्याच्या बाबतीत हेब्बाळ नशीबवान. बळ्ळारी रस्त्यावर बॅप्टिस्ट हॉस्पिटल १९७३ पासून उभं आहे. अडचण होती ती तिथवर पोचायची. कर्नाटकात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका १ नोव्हेंबर २००८ ला, राज्योत्सवाच्या दिवशी सुरू झाली. तोवर पीटीच्या सरांची स्कूटर हीच आमची रुग्णवाहिका. मागे बसून मूल धरायला कोणीतरी शिक्षिका.

मागे वळून पाहताना एक गोष्ट खटकते. आपल्याकडे शालेय आरोग्याचा इतिहास लहान नाही. १९०९ साली बडोद्यात, सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, देशात पहिल्यांदा शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. २०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली, तीही आपल्या पालघरमधून. या सगळ्याचा भर तपासणीवर. वजन, उंची, दात, डोळे, रक्त कमी आहे का. हवंच ते. पण डॉक्टर वर्षातून एकदा-दोनदा येतात आणि मूल पडतं मधल्या सुट्टीत. ती पहिली दहा मिनिटं वर्गशिक्षिकेची असतात, आणि तिला कोणी काही शिकवलेलं नसतं.

मग आली भीती, निष्काळजीपणाचा ठपका येण्याची. साधारण २०१५ नंतर आमच्याकडे क्रमच ठरून गेला. आधी मुलाचा फोटो, मग पालकांना फोन, मग नोंदवही, मग औषध. पालक मान्यता टेक पार्कमध्ये मीटिंगमध्ये असतात, फोन उचलत नाहीत. मूल सिकरूममध्ये बसून राहतं. या थांबण्याची किंमत देशाने २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये पाहिली. वायनाडच्या सुलतान बत्तेरीत पाचवीतल्या मुलीला वर्गातच साप चावला. वर्गमैत्रिणींनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं की आम्ही पुन्हा पुन्हा म्हणत होतो, शिक्षकांनी इजा किरकोळ ठरवली, वडील येईपर्यंत तिला नेलं नाही. मुलगी वाचली नाही. त्या आठवड्यात आमच्या स्टाफरूममध्ये फारसं कोणी बोललं नाही. आपणही वडिलांनाच फोन लावत बसलो असतो, हे प्रत्येकीला कळत होतं.

विशेष म्हणजे कायद्याने हा प्रश्न १८६० सालीच सोडवून ठेवला होता. भारतीय दंड संहितेचं ९२ वं कलम (आता भारतीय न्याय संहितेत ३० वं) सांगतं की पालकाची परवानगी घ्यायला वेळच नसेल तर सद्भावनेने, मुलाच्या हितासाठी केलेली कृती गुन्हा नाही. उदाहरणं वकिलाने नव्हे, एखाद्या आजीने सांगावीत अशी आहेत: अपघात झालेलं मूल, पालकांना विचारायला उसंत नाही, म्हणून सर्जन शस्त्रक्रिया करून टाकतो; जळत्या घराच्या छतावरून खालच्या लोकांनी धरलेल्या चादरीत कोणी मुलाला सोडून देतो. हे आम्हाला माहीत असतं तर! १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात डॉक्टरांनाही बजावलं, आधी उपचार, कागद नंतर. २०२१ च्या शिक्षण मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत तर वैद्यकीय मदतीला उशीर हाच निष्काळजीपणा धरला आहे. म्हणजे आम्ही ज्याच्या भीतीने थांबत होतो, ते थांबणंच दोषाचं.

शाळेचं फाटक ओलांडलं की मूल कोणाचं, हाही प्रश्न हेब्बाळने अनुभवला. मार्च २०२२ मध्ये इथला भुयारी मार्ग पाण्याने भरला होता, म्हणून वरून रस्ता ओलांडणारी चौदा वर्षांची विद्यार्थिनी पालिकेच्या कचरागाडीखाली गेली. त्यानंतर काही दिवस आम्ही शिक्षिका आळीपाळीने रस्त्यावर उभ्या राहिलो. काही दिवसच.

मी निवृत्त व्हायच्या आधी एक भांडण मात्र तडीस नेलं. सातवीतल्या एका मुलीला दमा. तिचा निळा पंप नियमाप्रमाणे ऑफिसच्या कपाटात, कुलपात ठेवलेला. 'औषध मुलांच्या हाती नको.' एकदा तिला धाप लागली तेव्हा तिसऱ्या मजल्यावरून पंप आणायला आयम्मा धावल्या, आणि परत आल्या त्या किल्ली मागायला. त्याच संध्याकाळी मी मीटिंगमध्ये उभी राहिले. दोन आठवडे वाद चालला, डॉक्टरांची चिठ्ठी आणली, आईची सही आणली. शेवटी पंप तिच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात गेला. त्या कप्प्याची चेनही तुटलेली होती, ती आम्ही मुद्दामच दुरुस्त केली नाही.