कणा ‘सेट’ करून आजार टळतात का?

मोबाइलवरच्या रीलमध्ये कुणाची तरी मान गर्रकन फिरते, काडकन आवाज येतो आणि आडवा पडलेला माणूस सुखाने डोळे मिटतो. खाली सल्ला असतो : काही दुखत नसलं तरी महिन्यातून एकदा कणा ‘सेट’ करून घ्या, बीपी, शुगर, दमा जवळ फिरकणार नाही. या रील मोठ्या शहरांत बनतात; पण बघितल्या जातात वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट-आर्वीतही.

हा दावा कायरोप्रॅक्टिक या मणके हाताने दाबून उपचार करण्याच्या पद्धतीइतकाच जुना आहे. १८९५ साली अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्ट गावात चुंबक-उपचार करणाऱ्या डी. डी. पामर याने हार्वे लिलार्ड या बहिऱ्या सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, अशी कथा सांगतात. पुढे पामरने लिहून टाकलं की ९५ टक्के आजार सरकलेल्या मणक्यांमुळे होतात. पुरावा तेव्हा नव्हता, आजही नाही. ऐकण्याची नस कवटीच्या आतून जाते, पाठीतून नव्हे. मणके दाबून बीपी किंवा मधुमेह टळतो, हे भरवशाच्या कोणत्याही अभ्यासात दिसलेलं नाही.

मग तो आवाज कसला? सांधा ताणला की आतल्या द्रवावरचा दाब एकदम घटतो आणि वायूची पोकळी तयार होते. बोटं मोडताना होतो तोच प्रकार. मणका जागेवर बसल्याची ती पावती नव्हे. तपासणीच्या अहवालाचंही तसंच. एमआरआयमध्ये मणक्यांमधली ‘गादी फुगली’ असं लिहून आलं की घरात रडारड होते. पण पाठ मुळीच न दुखणाऱ्यांच्या तपासण्यांचा २०१५ साली एकत्रित आढावा घेतला, तेव्हा पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्के लोकांत फुगलेली गादी सापडली.

म्हणून सगळं थोतांड ठरवणं हाही गैरसमजच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी दिलेल्या मार्गदर्शनात व्यायामासोबत मणक्यांवरच्या हस्तोपचाराचाही पर्याय आहे. स्वीडनमधल्या २०१८ च्या अभ्यासात ठरावीक काळाने कायरोप्रॅक्टिक घेणाऱ्यांचे त्रासाचे दिवस वर्षात सरासरी १२.८ ने कमी झाले. मात्र ती सगळी माणसं वारंवार कंबर धरणारी होती आणि पहिल्या उपचाराने त्यांना गुण आलेला होता. धडधाकट माणसाला या उपचारातून काही मिळतं, असं त्या अभ्यासातून निघत नाही.

आपल्याकडे चमक भरली की पायाळू माणसाची लाथ मागतात, आणि पाठ सुटतेही. साधी चमक बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप ओसरते. शेवटी ज्याचा हात किंवा पाय लागला, श्रेय त्याचं!

खरी काळजी पुढे आहे. विदर्भात सिकलसेल आहे. त्याची कळ पाठीत, मांडीत, खुब्यात उठते. रक्तपुरवठा तुटून खुब्याचं हाड झिजूही शकतं. क्षयरोग मणक्यात शिरतो, तेव्हा कित्येकदा खोकला नसतोच. उतारवयात बायकांची हाडं ठिसूळ होतात. अशा पाठीला झटका देणं म्हणजे हाड मोडण्याला, क्षयात तर लुळेपणालाही आमंत्रण. मानेला जोराचा झटका दिल्यावर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्याही नोंदी आहेत. प्रकार विरळ, पण निरोगी माणसाने तो धोका कशासाठी पत्करायचा? रात्री न थांबणारं दुखणं, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, पायातली ताकद जाणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, यातलं काहीही असेल तर चोळणं-मोडणं बंद करा आणि दवाखाना गाठा. लघवीची तक्रार किंवा पायातली ताकद गेली असेल तर त्याच दिवशी. जिल्ह्यात सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे, सावंगीचंही आहे.

कंबरदुखी टाळायची कशी, याचं उत्तर रील होण्याइतकं चटकदार नाही. २०१६ सालच्या एका मोठ्या आढाव्यात नियमित व्यायाम आणि त्याला माहितीची जोड, एवढ्यानेच दुखणं उद्भवण्याचा धोका जवळपास निम्म्यावर आला. कमरेच्या पट्ट्याने काही साधलं नाही. ‘शेतात राबतो, तोच व्यायाम’ हे अर्धसत्य आहे. निंदणात, कापूस वेचताना तासन्‌तास वाकून राहण्याने पाठ बळकट होत नाही, दमते. दर थोड्या वेळाने सरळ उभं राहून मागे झुकावं. वेचलेल्या कापसाचं ओझं कमरेशी वाढू न देता मधूनमधून रिकामं करावं. फवारणीचा पंप काठोकाठ भरू नये आणि जमिनीवरून एकट्याने पाठीवर ओढू नये. बसून काम करणाऱ्यांनी रोज चालावं : २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत चालण्याचा क्रम पाळणाऱ्यांची कंबर पुन्हा धरायला साधारण २०८ दिवस लागले, इतरांना ११२.

हस्तोपचार घ्यायचाच असेल, तर भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी वेगळी कायदेशीर परिषद नाही, हे ध्यानात ठेवा. ‘डॉक्टर’ या पाटीवर न जाता पदवी कशाची आणि नोंदणी कुठली, ते विचारा. विचारल्याचा राग येणाऱ्याच्या हाती मान देऊ नका.