समुद्रकाठचा दगड ओळखताना

ओला दगड नेहमीच देखणा दिसतो. घरी येऊन वाळला की रंग उतरतो आणि बरेचजण तिथेच त्याचा नाद सोडतात. पण खरी ओळख पटते ती कोरड्या दगडावरच. म्हणून किनाऱ्यावरून आणलेला दगड आधी गोड्या पाण्यात घासून धुवावा आणि पूर्ण वाळू द्यावा. त्याच्या बारीक छिद्रांत शंखशिंपल्यांचा चुरा अडकलेला असतो. तो राहिला तर पुढची परीक्षा हमखास फसते.

दगडाचे नाव शोधण्याआधी तो किनारा कशाचा आहे ते पाहावे. मुंबईपासून रत्नागिरीच्या खालपर्यंत पायाखाली मुख्यतः काळा कातळ, म्हणजे बसाल्ट असतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेल्या लाव्हाचा हा खडक. वरच्या सड्यांवर त्याचाच झिजून झालेला तांबडा, भोकाभोकांचा जांभा. मालवण-वेंगुर्ल्याकडे मात्र लाव्हाच्या कितीतरी आधीचे क्वार्टझाइटसारखे खडक उघडे पडतात. त्यामुळे गुहागरला सापडलेला पांढरा गोटा आणि मालवणला सापडलेला पांढरा गोटा एकाच घराण्यातले असतील असे धरून चालू नये.

गुहागरच्या बाजूचा पांढरा गोटा बहुधा बसाल्टच्या पोटातून आलेला असतो. लाव्हा थिजताना आतले वायू बाहेर पडू पाहतात आणि त्यांचे बुडबुडे पोकळ्या बनून राहतात. पुढे लाखो वर्षे खडकातून झिरपणारे पाणी त्या पोकळ्यांत खनिजे साठवत जाते: गारगोटी, अकीक, कॅल्साइट, स्टिल्बाइटसारखी झिओलाइटे. लाटांच्या माऱ्यात ही सगळी सारखी टिकत नाहीत. झिओलाइट मऊ, लवकर भुगा होणारे. म्हणून ते पाहायचे तर कड्याखाली नुकत्याच फुटलेल्या दगडात पाहावे. गारगोटी आणि अकीक भोवतालच्या बसाल्टपेक्षाही चिवट. कातळ झिजून जातो आणि आतला गोटा मोकळा होऊन वाळूत येतो. गुळगुळीत गोट्यांत गारगोटी इतकी का सापडते, याचे उत्तर यातच आहे.

आता परीक्षा. पोलादी खिळ्याने गोट्यावर दाबून रेघ ओढा. चकाकती धातूची खूण उमटली आणि बोटाने पुसली गेली, तर खिळा झिजला, दगड नाही. मग गोट्याची कड जुन्या काचेवर ओढा. काच ओरखडली तर बहुतेक गारगोटी किंवा अकीक. उन्हाकडे धरल्यावर आत एकाभोवती एक बारीक पट्टे दिसले तर अकीक म्हणायला हरकत नाही. समुद्राने घासलेली बाटलीची काचही अशीच धूसर दिसते, पण तिच्यात पट्टे नसतात. असलाच तर एखादा गोल बुडबुडा असतो. खिळ्याने सहज ओरखडा पडला तर तिथली चिमूटभर पूड करून तिच्यावर व्हिनेगर टाका. फसफसली तर कॅल्साइट किंवा शिंपल्याचा चुना. अखंड दगडावर व्हिनेगर ओतले तर ते इतके सौम्य पडते की काही कळत नाही. पूड करावीच लागते.

करलाकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते, याची मला हळहळ वाटते. कोकणात काही किनाऱ्यांवर भरतीरेषेजवळ समुद्राकडे किंचित कललेल्या पिवळट-करड्या लाद्या दिसतात. लोक त्यांना जुने काँक्रीट समजून पुढे जातात. करल म्हणजे वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे पाण्यातल्या चुन्याने घट्ट सांधले जाऊन झालेला दगड. वयाने लाव्हासमोर अगदी पोर, काही हजार वर्षांचा. व्हिनेगर इथे कामाचे नाही, कारण फसफसण्यात करल आणि सिमेंट दोघेही सारखेच. भिंगातून कण पाहावेत. काँक्रीटमध्ये फोडलेल्या खडीचे धारदार कोपरे दिसतात. करलात लाटांनी घासलेली वाळू असते, तीत शिंपल्यांचे पातळ तुकडे बरेचसे आडवे निजलेले, आणि सगळे थराथराने रचलेले.

फसवणाऱ्या वस्तूंत पहिला मान ‘डायनोसॉरच्या अंड्या’चा. बसाल्टच्या चौकोनी ठोकळ्यांचे कोपरे आधी झिजतात आणि कांद्याच्या पाकळ्यांसारखे पापुद्रे सुटत आत गोल गाभा उरतो. फुटलेल्या जागी आतपर्यंत तोच काळा, बारीक कणांचा दगड दिसला, तर ते अंडे नव्हे. दुसरी फसवणूक अकीकातल्या नेच्याच्या पानासारख्या काळ्या नक्षीची. ती भेगेत शिरलेल्या मँगनीज-लोहाच्या ऑक्साइडांची असते. पानाला मधली शीर असते आणि तिच्यातून ठरावीक अंतराने फाटे फुटतात. ही नक्षी वेडीवाकडी पसरते. आणि दगडातली बोटभर रुंद गोल भोके बहुधा दगड पोखरून राहणाऱ्या शिंपल्यांची.

देवघरातल्या शाळिग्रामासारखे चक्र इथल्या काळ्या गोट्यात शोधू नये. शाळिग्राम नेपाळच्या गंडकीतून येतो आणि त्यातले चक्र हे अॅमोनाइट या सागरी प्राण्याच्या कवचाचे असते. तापलेल्या लाव्हात असे कवच टिकत नाही. मात्र दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात तळी साचली, गाळ बसला आणि त्यात जीव गाडले गेले. मुंबईत वरळीच्या टेकडीवर अशाच काळसर गाळाच्या दगडात छोट्या बेडकांचे अख्खे सांगाडे मिळाले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले. आज त्या बेडकाला इंडोबॅट्रॅकस म्हणतात. तेव्हा काळा दगड पाटीसारखा पातळ थरांत सुटत असेल, तर थांबून नीट पाहावे.

कवचासारखी किंवा हाडासारखी आकृती खरोखर दिसलीच, तर हातोडा चालवू नये. शेजारी नाणे ठेवून जागेवरच फोटो घ्यावा. गावाचे नाव, तारीख आणि दगड कड्यातून सुटलेला की वाळूत सुटा पडलेला, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्राच्या प्राध्यापकांना ओळख सांगायला दगडाइतकीच ही नोंद लागते. गारगोट्या आणि झिओलाइटांसाठी सिन्नरचे गारगोटी संग्रहालय एकदा पाहून यावे. तिथले चांगले नमुने डोळ्यांत बसले की वाळूतला झिजलेला तुकडाही ओळखू येऊ लागतो.